ड्रोनने कळप पाहा, पण हाकू नका

शेतकरी बंधूंनो, हरभरा घाट्यावर आला की उंद्री परिसरात झोप उडते. रात्री रोही अन् रानडुकरं वावरात घुसतात, सकाळी पाहावे तर पीक आडवे! जागल करून माणूस किती करणार? ड्रोन घ्यावा, असे तुमच्याही मनात आले असेल. जरूर घ्या, पण आधी नियम समजून घ्या.

कायदा काय म्हणतो?
1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे, फासे लावणे, हाकणे आणि तसा प्रयत्न करणेही त्यात येते. म्हणजे कळपामागे ड्रोन पळवला तर तुम्हीच अडचणीत याल. उपद्रवी रोही, रानडुकराच्या बंदोबस्ताला वनखात्याची लेखी परवानगी लागते. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे.

2021 च्या ड्रोन नियमांनुसार ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा. सरकारी नकाशावरील हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत उडवता येतो. घरच्या वापराच्या 2 किलोपर्यंतच्या ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मात्र भाड्याने बोलावलात तर चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र अवश्य पाहा. ज्ञानगंगा अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन नेऊच नका.

वापर कसा करावा?
दिवस मावळण्याआधी एक फेरी मारा. कळप कोणत्या नाल्यात बसला, कोणत्या धुऱ्याने येतो, हे कळले की जागल त्याच बाजूला लावता येते. साधा कॅमेरा रात्री आंधळा असतो आणि दाट तुरीत बसलेले डुक्कर त्याला दिवसाही दिसत नाही. म्हणून ‘ड्रोनमध्ये काही दिसलं नाही’ म्हणून बिनधास्त पिकात शिरू नका. पिल्लांची मादी अंगावर येते.

ड्रोन उंच व नजरेच्या टप्प्यात ठेवा. जनावराने मान वर केली, पळू लागले, की ताबडतोब मागे घ्या. बिथरलेला कळप बिनकठड्याच्या विहिरीत पडतो, रस्त्यावर येतो, नाहीतर शेजाऱ्याच्या वावरात शिरतो. आपले वाचवून त्याचे बुडवले, तर काय कमावले?

नुकसान झालेच तर फोटो काढा आणि 3 दिवसांच्या आत वनखात्याकडे तक्रार द्या. फोटो आधाराला असतो, पण भरपाई पंचनाम्यावरच मिळते. कळप कुठे बसतो हे गावात एकमेकांना जरूर सांगा. फासे लावणाऱ्याच्या कानी मात्र जाऊ देऊ नका.