औषधाची वेळ आणि मुलाचा दिनक्रम

रुग्णालयाच्या हिशेबाच्या वह्यांत औषध केव्हा खरेदी केले, कोणत्या रुग्णास दिले आणि त्यापोटी देणगीनिधीतून किती रक्कम खर्ची पडली, याची नोंद काटेकोरपणे ठेवली जाते. ते औषध बालरुग्णाच्या पोटात ठरल्या वेळी गेले किंवा नाही, याची नोंद मात्र आमच्या कोणत्याही वहीत होत नाही. तो हिशेब घरी आई, आजी किंवा वडील यांनाच ठेवावा लागतो. दात्यांनी दिलेल्या रुपयाचे सार्थक अखेर तेथेच होते. यास्तव पालकांकडून वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची, बालरोगतज्ज्ञ सर्वसाधारणपणे देतात ती उत्तरे येथे एकत्र मांडत आहोत.

‘१-१-१’ म्हणजे काय?

औषधचिठ्ठीवर ‘१-१-१’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ सकाळी, दुपारी व रात्री एकेक मात्रा असा आहे. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी व रात्री. पुष्कळ घरांत याचा अर्थ नाश्ता, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण असा लावला जातो व अडचण तेथूनच सुरू होते. समजा, मुलाचा नाश्ता १० वाजता, जेवण २ वाजता आणि रात्रीचे जेवण ८ वाजता झाले. पहिल्या दोन मात्रांत ४ तासांचे अंतर पडते, पुढील दोहोंत ६ तासांचे, आणि रात्रीपासून सकाळपर्यंत तब्बल १४ तासांचे. प्रतिजैविकाचे काम जंतूंवर सतत दाब ठेवण्याचे असते. अंतर फार वाढले की तो दाब सैल पडतो.

म्हणून दिवसाची विभागणी जेवणावरून न करता मुलाच्या जागे होण्यावरून व झोपण्यावरून करावी. सकाळी ७ वाजता उठणाऱ्या आणि दुपारी २ वाजता झोपणाऱ्या मुलास पहिली मात्रा उठल्यावर, दुसरी दुपारच्या झोपेपूर्वी आणि तिसरी रात्री ९ च्या सुमारास देता येते. अंतरे अगदी समान नसली तरी नेहमीच्या प्रतिजैविकांसाठी एवढे पुरेसे असते. दुपारी मूल अंगणवाडीत किंवा पाळणाघरात असेल, तर तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. अनेकदा दिवसातून दोनच वेळा द्यावयाचे पर्यायी औषध उपलब्ध असते.

जेवलाच नाही, तर?

आजारी मूल जेवत नाही. ‘रिकाम्या पोटी औषध बाधेल’ या काळजीने आई ते टाळते, आणि ज्या दिवशी औषधाची गरज सर्वाधिक त्याच दिवशी ते चुकते. वस्तुतः ॲमॉक्सिसिलिनसारखी औषधे जेवणापूर्वी किंवा नंतर, कशीही चालतात. दोन घास मऊ भात किंवा थोडी पेज पोटात असली तरी बहुतेक औषधांना ते पुरते.

काही औषधांची जेवणाशी असलेली सांगड मात्र जपावी लागते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन उपाशीपोटी, म्हणजे जेवणापूर्वी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, अधिक चांगले शोषले जाते. मुलांसाठीच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या सकाळी उठल्याबरोबर देणे त्यामुळे सोयीचे ठरते. त्याने लघवी लालसर होते. त्यास घाबरून औषध बंद करू नये. उलट, मूत्रपिंडाच्या विकारात सूज उतरण्यासाठी दिले जाणारे प्रेडनिसोलोन सकाळी, खाण्यानंतर द्यावे. रिकाम्या पोटी ते जळजळ करते आणि सायंकाळी दिल्यास झोप उडवू शकते. लोहाचे औषध दूध व चहापासून एक-दोन तास दूर ठेवावे. सोबत लिंबाचे सरबत दिल्यास ते चांगले अंगी लागते. थायरॉइडची गोळी रोज एकाच ठरावीक वेळी द्यावी आणि लोह व कॅल्शियमपासून किमान चार तास लांब ठेवावी.

कोणतेही औषध दुधाच्या भरल्या बाटलीत किंवा खिमटाच्या पूर्ण वाटीत मिसळू नये. मुलाने अर्धेच घेतले, तर किती औषध गेले हे कोणासच सांगता येत नाही. मिसळणे चालत असेल तर ते एक-दोन चमचे अन्नातच मिसळावे. एक वर्षाच्या आतील बाळास मधातून औषध कधीही देऊ नये.

झोपलेल्यास उठवावे काय?

मूल शांत झोपले असेल, तर केवळ ताप उतरवण्याचे औषध देण्यासाठी त्यास उठवण्याची आवश्यकता नसते. नेहमीच्या प्रतिजैविकांचेही तेच. अपस्माराचे म्हणजे फिट्सचे औषध याला अपवाद आहे. ते बहुधा १२ तासांच्या अंतराने नियमित जावे लागते, आणि चुकलेली मात्रा व अपुरी झोप ही दोन्ही फिट येण्याची कारणे ठरू शकतात. मूल रात्री ८ वाजता झोपत असेल, तर सकाळी व सायंकाळी ७.३० ही वेळ ठरवून घ्यावी. औषध झोपेच्या वेळेशी आधीच जुळवलेले असले, म्हणजे मध्यरात्री उठवण्याचा प्रसंगच येत नाही. अर्धवट झोपेतील आडव्या मुलाच्या तोंडात औषध ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मूल पूर्ण जागे करून, बसवून, गालाच्या आतील बाजूस थोडे थोडे द्यावे.

उलटी झाली किंवा मात्रा राहिली, तर

औषध दिल्यावर काही मिनिटांतच उलटी झाली, तर बहुधा तीच मात्रा पुन्हा द्यावी लागते. बराच वेळ गेला असेल तर सहसा नाही. फिट्सचे, हृदयाचे किंवा असेच नाजूक औषध असेल तर आधी दूरध्वनी करून विचारावे. राहिलेली मात्रा भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दुप्पट औषध कदापि देऊ नये. हिशेबात मागील बाकी पुढे ओढता येते, औषधात ओढता येत नाही.

मात्रा मोजण्यासाठी घरातील चमचा वापरू नये, कारण प्रत्येक चमच्यात मावणारे औषध वेगळे असते. मिलिलिटरच्या खुणा असलेली सिरिंज किंवा मापाचे टोपण वापरावे व बाटली आधी हलवून घ्यावी.

घरचा तक्ता

पालकांनी घरी जाण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात : हे औषध जेवणापूर्वी की नंतर, दोन मात्रांत किती तासांचे अंतर, झोपेतून उठवायचे की नाही, आणि मात्रा राहिल्यास काय करायचे. मुलाची उठण्याची, खाण्याची व झोपण्याची वेळही डॉक्टरांना स्वतःहून सांगावी. मग एका कागदावर वेळा लिहून तो स्वयंपाकघरात लावावा आणि औषध दिल्याबरोबर खूण करावी. घरात औषध देणारे हात एकाहून अधिक असतात. आईने दिलेले औषध आजीने पुन्हा देऊ नये, किंवा ‘तिने दिले असेल’ म्हणून ते राहू नये, यासाठी ही एक खूण पुरेशी आहे.

या तक्त्यास खर्च शून्य आहे. परंतु सहा महिन्यांचे उपचार चौथ्या महिन्यात विस्कळीत झाले, तर आधीचे श्रम व निधी दोन्ही पणाला लागतात आणि त्या मुलाला आजार पुन्हा सोसावा लागू शकतो.