दाराबाहेरच्यांना आधी सांगा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली.

अशा कक्षात आई बाळाच्या उशाशी नसते. ती दुसऱ्या वॉर्डात, दूध पाजण्यापुरती बोलावलेली. म्हणजे काही विपरीत घडलं तर जिचं मूल तिलाच सर्वांत उशिरा कळायची भीती. त्यातून हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी गावभर आधीच फिरलेली असते!

आपल्यापैकी कितीतरी जणी गावातल्या धर्मादाय रुग्णालयाच्या समितीवर असतात. फळं आणि चादरी वाटणं चांगलंच. पण एक काम आवर्जून अंगावर घ्या. संकट आलं तर नातेवाइकांशी कोणी बोलायचं आणि वर्तमानपत्रवाल्यांशी कोणी, हे आजच ठरवून घ्या. आधी नातेवाईक, मग बाकीचे. त्यांना एका खोलीत बसवावं, पाणी द्यावं आणि जाणत्या डॉक्टरांनी एकेका घराला वेगळं, सरळ शब्दांत सांगावं. मूल गेलेलं असताना "प्रयत्न चालू आहेत" म्हणणं हा क्रूरपणाच, नाही का? वाचलेल्यांची यादी भिंतीवर लावायची मोठी घाई होते. पण तीत ज्याचं नाव नाही त्याला काय कळतं, बघा!

आग कशानं लागली, याचे तर्क मात्र करू नयेत. माहीत नसेल तर तसं म्हणावं, पुन्हा कधी सांगणार ती वेळ द्यावी आणि नवं काही नसलं तरी त्या वेळेला यावं. फाटकावरच्या वॉचमनलाही चार शब्द सांगून ठेवा. पहिला प्रश्न त्यालाच येतो.

वकील म्हणतील, तोंड उघडू नका. पण "आम्हांला फार वाईट वाटतं" म्हणण्यात कसला आलाय कबुलीजबाब! डॉक्टरांवर हात उचलणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा आपल्या राज्यात २०१० मध्ये झाला. तो हवाच. तरी मला वाटतं, तासन्‌तास कोणी काही बोललं नाही की माणसाचा तोल जातो.

आणि हो, घरचं कुणी भरती करताना कागदावर नवऱ्याचा एकच नंबर देऊन येऊ नका. तुमचाही लिहा, शेजारच्या वहिनींचाही.