अडीनडीची ठेव

१९७२ चा दुष्काळ घरातल्या थोरल्यांना विचारा. लाल मिलोची भाकरी, कामावरची सुकडी, कवडीमोलानं गेलेली जनावरं, सगळं ऐकायला मिळेल. त्या सुमारास बारामतीच्या जिराईत भागात पाझर तलावांच्या कामावर मजुरीपोटी धान्य दिलं गेलं. दुकानात दाणाच नसेल तर नोटा काय शिजवायच्या? २०१६ च्या नोव्हेंबरात उलटं झालं. माल होता, पण पाचशे-हजाराची नोट चालेना.

अशा वेळी कामी येते ती अदलाबदलीची ठेव. सोनं नव्हे, वाईट साली सगळेच मोडायला काढतात आणि भाव सोनार ठरवतो. शेजाऱ्याला जे लागतं ते राखा.

पहिला मान कडब्याचा. नीरा डाव्या कालव्याखाली उसाचं वाढं मिळतं, पण नुसत्या वाढ्यावर दुभतं जनावर खंगतं. तिथल्या गोठ्यालाही कडबा हवाच असतो. इंदापूरच्या जिराईतवाल्यानं शंभर पेंढ्या राखल्या, तर त्या बदल्यात वाढं मिळेल, पेरणीला बैलजोडीही मिळेल. गंजी दगडमातीच्या ओट्यावर रचा, माथा उतरता ठेवा, वर पाचट घाला.

दुसरं मालदांडीचं बियाणं. उभ्या पिकातली टपोरी कणसं वेगळी काढा, कडक वाळवा, दाण्यात राख मिसळून मडक्यात भरा. संकरित वाणाचं मात्र घरचं बी धरू नका.

गूळ, मीठ, काडेपेटी हे घरच्या लक्ष्मीच्या ध्यानात असतंच. तुम्ही दिल्या-घेतल्याची वही ठेवा. पायलीनं दिलं तर पायलीनंच परत घ्या, मध्येच त्याचे रुपये करू नका.