यंत्राला हिशेब शिकविणारी ॲडा

जालन्याहून पैठण फार दूर नाहीं. तेथील विणकराला पैठणीच्या काठावर मोर उठवितांना धागा न् धागा मोजावा लागतो, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. फ्रान्समधील जाकार नांवाच्या कारागिरानें १८०४ च्या सुमारास हें मोजण्याचें काम भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोंपविलें. भोंक असेल तेथें धागा उचलावयाचा, नसेल तेथें खालींच ठेवावयाचा. चार्ल्स बॅबेज यांनीं हीच युक्ति आपल्या नियोजित गणकयंत्रासाठीं घेतली. आणि त्या यंत्राला कामाचा क्रम कसा लावून द्यावा, हें जिनें सविस्तर मांडलें, त्या ॲडा लव्हलेसच्या बालपणाविषयीं व शिक्षणाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ॲडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजीं लंडन येथें झाला. वडील सुप्रसिद्ध कवि लॉर्ड बायरन. मुलगी महिन्याची होते न होते तोंच आईवडील विभक्त झाले. १८१६ मध्यें बायरननें इंग्लंड सोडलें, आणि पुढें बापलेकींची भेट झाली नाहीं. आईला स्वतःला गणिताचा नाद होता. बापाच्या स्वभावांतील चंचलपणा मुलींत उतरूं नये, एतदर्थ तिनें ॲडाला लहानपणापासूनच गणिताच्या कडक शिस्तींत ठेविलें. गणित जणूं औषध म्हणून दिलें गेलें! परंतु कल्पनाशक्ति औषधानें जात नाहीं. १८२८ मध्यें, बारा वर्षांची असतांना, पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास करून तिनें उडण्याचें यंत्र योजिलें. पुढच्याच वर्षीं गोंवरानंतर तिचे पाय लुळे पडले व ती बराच काळ अंथरुणाला खिळली. तरी अभ्यास सुटला नाहीं.

विद्यापीठांचीं दारें त्या वेळीं इंग्लंडांतहि स्त्रियांना बंद होतीं. म्हणून शिक्षण घरींच झालें. विदुषी मेरी सॉमरव्हिल हिनें तिला वाट दाखविली. ५ जून १८३३ रोजीं बॅबेज यांची ओळख झाली. १८३५ सालीं विवाह झाला; पुढें तीन मुलांचा संसार सांभाळून १८४० पासून ती ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाकडून पत्रद्वारा कलनशास्त्र शिकली. हा डी मॉर्गन आपल्याच देशांत, मदुरेस, १८०६ सालीं जन्मलेला. शिष्येची बुद्धि त्यानें मोकळ्या मनानें मान्य केली. पण इतका मानसिक श्रम स्त्रीच्या शरीरास झेपेल काय, अशी शंका त्यानें १८४४ त तिच्या आईला कळविली.

त्या शंकेचें उत्तर ॲडानें आदल्याच वर्षीं देऊन ठेविलें होतें. १८४३ त मेनाब्रेआ या इटालियन लेखकाच्या फ्रेंच लेखाचें भाषांतर करतांना तिनें मूळ लेखाच्या सुमारें तिप्पट टीपा जोडल्या, आणि बर्नुलीच्या संख्या यंत्रानें पायरीपायरीनें कशा काढाव्या, याचें कोष्टक दिलें. पुष्कळ जण त्यासच संगणकाचा पहिला आज्ञाक्रम मानतात. बॅबेज यांचें तें यंत्र मात्र कधींच पुरें झालें नाहीं.

२७ नोव्हेंबर १८५२ रोजीं, वयाच्या ३६ व्या वर्षीं ॲडा वारली. तिच्या हयातींतच, १८४८ सालीं, पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली होती. ॲडाजवळ धन होतें, थोर गुरु होते. म्हणून बंद दारांबाहेर राहूनहि ती शिकली. ज्यांच्याजवळ यांतलें कांहींच नव्हतें, त्यांच्या बुद्धीचा हिशेब कोणीं ठेविला? आपल्या घरांतील मुलगी गणितांत रमली, तर ‘हें तुला कशाला?’ असें विचारण्यापूर्वीं हा प्रश्न आपण आपल्या मनाला विचारावा, इतकेंच सांगणें आहे.