लोखंडी कढई, लिंबाची फोड आणि परसातली मेथी

पूर्वी घरोघरी चुलीजवळ एक लोखंडी कढई, एक तवा आणि एक पळी हमखास असे. पुढे ॲल्युमिनियम आले, मग स्टील आले, नंतर भाजी न चिकटणारी काळी भांडी आली आणि कढई माळ्यावर गेली. घासायला जड, गंजायला हलकी, म्हणून तिला कोणी विचारीना. या लेखात तिलाच पुन्हा खाली उतरवायचे आहे. मी डॉक्टर नाही. जन्मभर फिटरचे काम केले आणि निवृत्तीनंतर घरातल्या वस्तूंची डागडुजी, चार कुंड्या आणि स्वयंपाकघरात थोडी लुडबूड हाच माझा छंद आहे. पण या छंदाचा संबंध घरातल्या बायकांच्या रक्ताशी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा ५४ च्या आसपास होते. म्हणजे दोन घरे घेतली तर एका घरात हा आजार आहेच असे समजावे. जिना चढताना दम लागणे, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा व नखे फिकट दिसणे, कच्चे तांदूळ, खडू किंवा माती खावीशी वाटणे ही त्याची लक्षणे. आपल्याकडे मात्र "कामाने थकली असेल" म्हणून विषय संपतो. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली गेले, तर रक्त कमी आहे असे धरतात.

आमच्या सूनबाईंचे हिमोग्लोबिन ८.४ निघाले तेव्हा शेजारपाजारच्यांनी बीट सुचवले. बीट लाल, रक्तही लाल, एवढाच त्यामागचा हिशेब! प्रत्यक्षात बिटात लोह अगदी बेताचे असते. नुसत्या गूळ-शेंगदाण्यानेही एवढी तूट भरून येत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या तिने नेमाने घेतल्या आणि तीन महिन्यांनी आकडा ११.६ वर आला. त्याचे श्रेय गोळ्यांचेच आहे. पण भरलेला हौद पुन्हा रिकामा होऊ नये म्हणून घरात जे करता येते, ते खाली देत आहे.

कढई कशी निवडावी, कशी सुधारावी?

बाजारात काळ्या रंगाच्या सगळ्याच कढया लोखंडी नसतात. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला लोहचुंबक मी खिशात घालून नेतो. तो चिकटला नाही तर ते लोखंड नव्हेच. काही स्टीललाही चुंबक चिकटतो, पण चकचकीत स्टील डोळ्यांना ओळखू येते. वरून मुलामा दिलेली कढई असेल तर तिच्यातून लोह अन्नात उतरत नाही, हेही लक्षात ठेवावे.

माळ्यावरची कढई गंजली असेल तर फेकू नका. चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवा, मग वाळू किंवा तारेच्या घासणीने तांबूस रंग पूर्ण जाईपर्यंत घासा. धुऊन लगेच मंद आचेवर कोरडी करा. कोमट असताना आतून-बाहेरून तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि किंचित धूर येईपर्यंत तापवा. असे तीन वेळा करावे. पहिल्यांदा त्यात कांद्याची साले परतून टाकून द्यावीत. रोज वापर झाल्यावर धुऊन, पुसून, तेलाचे बोट फिरवून ठेवले की गंज धरत नाही. हे काम पाच मिनिटांचेही नाही आणि ते घरातल्या पुरुषाने करायला काहीच हरकत नाही. कान तापतात, म्हणून सांडशी जवळ असू द्यावी.

या कढईत पालेभाजी केली की ती थोडी काळपट दिसते. ती बिघडलेली नसते. मात्र शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी. टोमॅटो, चिंच किंवा आमसुलाचे आंबट पदार्थ लोह जास्त ओढून घेतात, पण तसेच ठेवले तर लोखंडाची चव उतरते. इथिओपियात लहान मुलांवर झालेला एक अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात ॲल्युमिनियमपेक्षा लोखंडी भांड्यात शिजवलेले खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन अधिक वाढलेले दिसले.

स्वयंपाकातल्या चार युक्त्या

एक : भाजी-आमटीतले लोह शरीरात शोषले जायला 'क' जीवनसत्त्व लागते. ते उष्णतेने नष्ट होते, म्हणून लिंबू उकळत्या भाजीत न पिळता ताटात पिळावे. पेरू किंवा आवळ्याची फोडही चालते.

दोन : जेवणावर लगेच चहा-कॉफी नको. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवते. जेवणाच्या आधी-नंतर तासभर तरी अंतर ठेवावे. लोहाची गोळीही चहा वा दुधाबरोबर घेऊ नये.

तीन : मटकी, मूग, हरभरा मोड आणून वापरावेत. भिजवल्याने, मोड आणल्याने आणि आंबवल्याने धान्यातली लोहाला अडवणारी द्रव्ये कमी होतात. आंबोळी, इडली याच न्यायाने चांगली.

चार : मांसाहार करणाऱ्यांनी मासे, मटण, कलेजी यांचा वाटा घरातल्या बायकांनाही द्यावा. त्यातले लोह सर्वांत सहज अंगी लागते. गरोदर स्त्रीने मात्र कलेजी डॉक्टरांना विचारूनच खावी.

परसातली औषधे

जागा नसेल तर फळांचा लाकडी खोका घ्या. तळाला भोके ठेवून निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत भरा. मेथी रात्रभर भिजवून दाट पेरा व बोटाच्या पेराएवढी माती पसरा. साधारण चार आठवड्यांत भाजी हाती येते. दर आठवड्याला एक खोका पेरला की भाजी खंडत नाही. शेवग्याची हातभर लांब, मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडाला लावावी आणि झाड छातीएवढे झाले की शेंडा खुडावा. पाला हाताशी राहतो.

त्याहून सोपे म्हणजे अळीव. ताटलीत ओले फडके पसरून त्यावर अळीव भुरभुरावे, रोज पाणी शिंपडावे. आठवड्याभरात बोटभर कोवळा पाला येतो. तो कात्रीने कापून कच्चाच कोशिंबिरीत घालावा. गरोदर स्त्रीने मात्र अळीव डॉक्टरांना विचारूनच खावे.

सावधगिरी

थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या, विशेषतः ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते त्यांच्या शरीरात लोह आधीच जास्त साचते. सिकलसेलचा आजार विदर्भात आणि नंदुरबारकडे बराच आढळतो. अशा घरांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लोहाचे उपाय करू नयेत. जंत, मासिक पाळीत अति रक्तस्राव, मूळव्याध यांनीही रक्त कमी होते. तिथे कढई काय करणार? आधी तपासणी हवी. गोळ्यांनी शौचास काळी होते, त्याने घाबरून गोळ्या सोडू नयेत.

शेवटी एक गोष्ट, जी ना फिटरच्या हत्यारांत आहे ना बियांच्या पुडीत. बहुतेक घरांत बाई सर्वांत शेवटी जेवते. तोवर कढईत भाजीचा रस आणि दोन देठ उरतात. कितीही लोखंडी कढया आणल्या तरी त्या देठांनी रक्त वाढत नाही. म्हणून भाजी उतरवली की पहिली वाटी तिच्यासाठी भरून झाकून ठेवावी, आणि मग बाकीची पाने वाढावीत. या उपायाला एक पैसाही लागत नाही.