वादकांची ओळ

सकाळी ९ : दिवाळी सरली की वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं गजबजतात आणि आमच्या छापखान्याचा हंगाम होळीपर्यंत चालतो. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीचं नाटक गाण्यांशिवाय उभं राहत नाही. म्हणून नाटकाच्या पत्रकात नटांबरोबर गीतकार, गायिका, ऑर्गन, तबला, ढोलक सगळे येतात. व्हॉट्सॲपवर मजकुरांची रांग असते; ते तपासणं माझं काम.

१० : नेहमीचे गुन्हेगार आधी धरतो. 'संगित', 'गितकार', 'आशिर्वाद' यांच्या वेलांट्या दीर्घ करायच्या. 'सुप्रसिध्द'मध्ये अर्धा द आधी, ध नंतर. 'मंडळ सादर करीत आहोत' असेल, तर मंडळाला 'आहे' द्यायचं.

१२ : जुनी पत्रकं कृतिदेव फॉन्टमधली. त्यात पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते, रफार नंतर. युनिकोडमध्ये आणताना दोन्ही भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. प्रत्येक रफार बोट ठेवून वाचतो.

३ : शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री प्रयोग ठेवलेल्या गावच्या मंडळाचं पत्रक येतं. गाण्याच्या ओळीतला झाडीबोलीचा शब्द ऑपरेटरने 'शुद्ध' केलेला. तो मूळपदावर आणतो. साहित्य महामंडळाच्या नियमांतही वृत्तासाठी कवीला ऱ्हस्व-दीर्घाची सूट आहे. चालीत बसलेला शब्द आपण का हलवायचा?

६ : आता सगळ्यात खालची, बारीक टाइपातली वादकांची ओळ. ती शेवटी टाइप होते आणि चुकाही तिथेच जास्त. ढोलकवाल्याचं आडनाव तीन पत्रकांत तीन तऱ्हांनी.

"एवढं कोण पायते जी?" कंपनीचा माणूस घाईत असतो.

"ज्याचं नाव आहे तो पाहतो, भाऊ."

पुढच्या हंगामाचं बोलणं करताना वादक हेच पत्रक मोबाइलवर दाखवतो. यूट्यूबवर शोधणाऱ्याला वेलांटी बदलली की दुसराच माणूस सापडतो. गीतकाराला तर रॉयल्टीसाठी आयपीआरएस या कॉपीराइट संस्थेकडे गाणं नोंदवायचं असेल, तर सगळीकडे नाव जुळायला हवं. इथले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीचं नाव दूरवर गेलं. पण ऑर्गनवाल्याची नोंद बहुधा या ओळीपलीकडे कुठेच नसते. नावांना मी नियम लावत नाही. फोन करतो, माणूस स्वतः सही करतो तसं लिहितो.

९ : छपाई सुरू. कंपन्यांच्या गाड्या ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडच्या गावांना केव्हाच निघाल्या. तिथे नाटक पहाटेपर्यंत चालेल. ऑपरेटरला उद्याचं सांगून ठेवलं : खालची ओळ आधी टाइप कर.