फाइल आली, पण उघडेना!

सबमिशन उद्यावर आलंय. ग्रुपमधल्या मित्राने त्याच्या वाटणीचा भाग अखेर मेल केला. तुम्ही तो घाईघाईत उघडला आणि समोर मराठी मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी! ‘फाइल करप्ट झाली यार’ असं म्हणून मोकळं होण्याआधी जरा थांबा, मंडळी. बरेचदा फाइल धडधाकट असते. फक्त ती कशी वाचायची, हे तुमच्या मशीनला कळलेलं नसतं.

आधी आडनाव बघा

फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येतं ते तिचं आडनाव. डॉक्सएक्स म्हणजे वर्ड, पीपीटीएक्स म्हणजे पॉवरपॉइंट, पेजेस म्हणजे अ‍ॅपलच्या मशीनवर तयार झालेली फाइल. विंडोजमध्ये हे आडनाव अनेकदा लपलेलं असतं. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’ सुरू केलं की ते दिसू लागतं. मात्र ते हाताने बदलून काही साधत नाही. आडनाव बदललं म्हणून माणूस बदलतो का?

साइजवरही नजर टाका. शून्य केबी दिसत असेल तर आधी पुन्हा डाउनलोड करा. तरीही तेच, तर पाठवणाऱ्यालाच परत पाठवायला सांगा.

नेहमीचे तीन घोळ

आयफोनवरचे फोटो : २०१७मध्ये आलेल्या आयओएस ११पासून आयफोनचा कॅमेरा फोटो ‘एचईआयसी’ फॉरमॅटमध्ये साठवू लागला. जुन्या लॅपटॉपला तो उमगत नाही. मित्राला सेटिंग्जमधल्या कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायला सांगा. पुढचे फोटो जेपीजीमध्ये येतील.

पेजेस : विंडोजवर या फाइलच्या मागे लागू नका. मित्राला ती वर्ड किंवा पीडीएफमध्ये एक्स्पोर्ट करायला सांगा. त्याचं मिनिटभराचं काम आहे.

विनमेल डॉट डॅट : पाठवली होती नोटीस आणि आली ही भलतीच फाइल? समोरच्याने आउटलुकमधून ‘रिच टेक्स्ट’ प्रकारात मेल पाठवला की असं होऊ शकतं. ‘एचटीएमएल’ किंवा ‘प्लेन टेक्स्ट’मध्ये परत पाठवा, अशी विनंती करा.

आणि आपली मराठी

आता त्या खिचडीकडे वळू. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करताना कॉम्प्युटरच्या पोटात मराठी अक्षरं जातच नाहीत. जातात ती इंग्रजी. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचे कपडे चढवतो. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘भारत’ हा शब्द आत ‘एच-के-के-जे-आर’ असा असतो. तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल, तर कपडे उतरतात आणि आतली अक्षरं दिसतात.

उपाय सोपा आहे. वर्डमध्ये तो मजकूर सिलेक्ट करा आणि वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव वाचा. तो फॉन्ट टाका, नाहीतर त्याच फॉन्टसाठी असलेल्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा. प्रत्येक जुन्या फॉन्टची अक्षरांची मांडणी वेगळी, त्यामुळे नाव चुकलं तर खिचडीची भेळ होते! कन्व्हर्ट झाल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा नजरेखालून घाला.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत आणि तेही १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून. म्हणून तुमचं मराठी मोबाइलवर, लॅपटॉपवर, कुठेही मराठीच राहतं आणि सर्चमध्ये सापडतंही. जुन्या फॉन्टमधल्या फाइलची पीडीएफ केली तर ती दिसते छान, पण तिच्यात ‘भारत’ शोधायला गेलात तर बरेचदा हाती काहीच लागत नाही. त्यामुळे टाइप करतानाच युनिकोड वापरा.

एवढं सांभाळा

नावाच्या शेवटी ‘पीडीएफ डॉट ईएक्सई’ असं काही दिसलं, तर ती मार्कशीट नाही, प्रोग्रॅम आहे. अजिबात उघडू नका. आणि आधार कार्ड किंवा मार्कशीट कुठल्याही अनोळखी ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नका.

पाठवताना तुमची पाळी

मित्र निदान ‘उघडत नाहीये रे’ असा मेसेज तरी करतो. इंटर्नशिपचे अर्ज चाळणारा माणूस तेवढा वेळ काढेलच असं नाही. त्याच्या इनबॉक्समध्ये शेकडो बायोडेटा असतील, तर न उघडणारा बाजूला पडतो आणि तुम्हाला कारणही कळत नाही. म्हणून फक्त वाचायची फाइल पीडीएफमध्येच पाठवा. २५ एमबीच्या वर गेली तर जीमेल ड्राइव्हची लिंक जोडतं. तेव्हा ती लिंक समोरच्याला उघडता येईल अशी परवानगी दिली आहे ना, ते तपासा. ‘फायनल फायनल २’ऐवजी फाइलला स्वतःचं नाव द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी ती स्वतःलाच मेल करून मोबाइलवर उघडून बघा. तिथे नीट वाचता आली, की मगच ‘सेंड’ दाबा!